साडेएकोणतीस मिनिटांचं नाटक : जुन्या अमेरिकी नभोनाट्यांचा पॉडकास्ट कसा चालवावा

अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोहोचण्याआधी संध्याकाळची मोठी करमणूक म्हणजे रेडिओवरचं नाटक. सुमारे १९३० ते १९५५ हा त्याचा बहराचा काळ. ३० सप्टेंबर १९६२ रोजी सीबीएस या रेडिओ नेटवर्कच्या ‘सस्पेन्स’ आणि ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या मालिकांचे शेवटचे भाग झाले आणि ते पर्व संपलं, असं मानतात. ध्वनिमुद्रणं मात्र हजारोंनी उरली. आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या टेकाडे भावजींच्या आवाजावर वाढलेल्या कानांना ती लगेच आपलीशी वाटतात. आपण ती निवडून, मराठीत ओळख करून देऊन पॉडकास्टवर आणायची म्हटलं, तर काम कुठून सुरू करायचं आणि कुठे अडतं, ते क्रमाने पाहू.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून ठेवा. जुनी गोष्ट आजच्या कानाला नीट ऐकू येईल इतकी तयारी करायची आणि मग बाजूला व्हायचं, एवढंच आपलं काम आहे. जवळजवळ प्रत्येक पायरीवर जास्त हात लावायचा मोह होतो, आणि भाग बिघडतो तो तिथेच.

पहिली पायरी निवडीची. सुरुवातीला एकाच भागात संपणारी अर्ध्या तासाची नाटकं घ्या. रहस्यासाठी ‘सस्पेन्स’ (१९४२ ते १९६२), साहसासाठी ‘एस्केप’ (१९४७ ते १९५४), विज्ञानकथांसाठी ‘एक्स मायनस वन’ (१९५५ ते १९५८). रोज पंधरा मिनिटं चालणाऱ्या कौटुंबिक मालिका लांबवर पसरलेल्या असतात आणि मधले भाग हरवलेले असतात. त्या नंतर कधीतरी.

दुसरी पायरी हक्कांची. इथे घाई करू नका. ‘जुनं आहे, इंटरनेटवर सापडतं, म्हणजे फुकट आहे’ हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ‘आम्ही कुठे पैसे कमावतो?’ हा दुसरा. एका नभोनाट्यात हक्कांचे तीन-चार थर असतात आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असते.

३० ऑक्टोबर १९३८ चं ऑर्सन वेल्स यांचं ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ घ्या. मूळ कादंबरी एच. जी. वेल्स यांची, १८९८ सालची. ती आता हक्कांतून मोकळी आहे. पण रेडिओसाठीचं रूपांतर हॉवर्ड कॉख यांचं. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असा सर्वसाधारण हिशेब असतो आणि कॉख १९९५ साली वारले. तेव्हा संहिता मोकळी आहे असं धरून चालता येत नाही. त्यात वाजणाऱ्या ‘स्टारडस्ट’ या गाण्याच्या चालीचा हिशेब आणखी निराळा. आणि चौथा थर प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० वर्षं मिळतात. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना २०१८ च्या कायद्याने संरक्षण दिलं आणि त्यातल्या कित्येकांची मुदत थेट २०६७ पर्यंत जाते. आपला पॉडकास्ट अमेरिकेतही ऐकला जाणार, त्यामुळे दोन्हीकडचा विचार करावा लागतो.

मग करायचं काय? प्रत्येक भागासाठी एक कागद ठेवा : मूळ कथा कोणाची, संहिता कोणाची, संगीत कोणाचं, मुद्रण कोणाचं आणि कधीचं. जिथे हक्कदार सापडतो तिथे पत्र लिहून परवानगी मागा. मालिका मोठी करायचा विचार असेल तर कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला हे कागद एकदा दाखवा. आणि एक वाट मला फार आवडते : मोकळ्या कथेचं नभोनाट्य आपणच करायचं. ॲम्ब्रोझ बिअर्स यांची ‘ॲन ऑकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’ ही १८९० सालची कथा ‘एस्केप’ने केली, ‘सस्पेन्स’नेही केली. त्यांच्या संहितेला हात न लावता मूळ कथेवरून मराठी श्रुतिका लिहिली तर ती पूर्णपणे आपली. (आकाशवाणीची जुनी नभोनाट्यं लावायची असतील तरी हीच काळजी घ्यावी लागते. घरच्या कॅसेटवर टेप केलेली आहेत म्हणून ती आपली होत नाहीत.)

आता फाइल मिळवणं आणि ओळखणं. इंटरनेट आर्काइव्हवर असे संग्रह मोठ्या प्रमाणात आहेत. तिथे एकाच नाटकाच्या पाच-सहा प्रती दिसतील. पहिली दिसेल ती उचलू नका. सगळ्यांची दोन-दोन मिनिटं हेडफोन लावून ऐका. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला आवाजासाठी वापरलेली माहिती, फार कमी असेल तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. तो दोष नंतर काढता येत नाही.

फाइलच्या नावावरची तारीखही तपासून घ्या. ल्यूसिल फ्लेचर यांचं ‘सॉरी, राँग नंबर’ ‘सस्पेन्स’वर पहिल्यांदा २५ मे १९४३ रोजी झालं. ॲग्नेस मूरहेड यांनी ते पुढे त्याच मालिकेत पुन्हा पुन्हा केलं. मग आपल्या हातातला प्रयोग कोणता? जाहिरात ऐका. रोमा वाइन्सची असेल तर १९४३ ते १९४७ मधला. ऑटोलाइटची असेल तर १९४८ ते १९५४ मधला. जाहिरातच नसेल आणि शेवटी नुसतं संगीत वाजत राहत असेल, तर बहुधा ती सैनिकांसाठीच्या रेडिओ सेवेची प्रत असते. त्या सेवेत जाहिराती कापून टाकत.

फाइल निवडली की ती वेव्ह स्वरूपात बदलून घ्या, म्हणजे न दाबलेल्या, पूर्ण आवाजाच्या स्वरूपात. मूळ एमपी३ बाजूला जपून ठेवा. एमपी३ उघडायची, कापायची, पुन्हा एमपी३ करायची, परत उघडायची, असं केलं की दर खेपेला आवाज थोडा झिजतो. ऑडॅसिटी हे संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात : वेग तपासणं. ही नाटकं तबकडीवरून टेपवर, टेपवरून कॅसेटवर, कॅसेटवरून संगणकावर अशी उतरत आली. वाटेत एखादं यंत्र हळू चाललं की नायकाचा आवाज जड आणि सुस्त होतो. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो, पण का ते कळत नाही. दोष नाटकाला लागतो.

वेग मोजायचे तीन मार्ग आहेत. पहिला घड्याळाचा. नेटवर्कवरचं अर्ध्या तासाचं नाटक जाहिरातींसकट साधारण साडेएकोणतीस मिनिटांचं असे. पूर्ण भाग एकतीस मिनिटं भरत असेल तर शंका घ्या. दुसरा विजेचा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साठ आवर्तनांची. जुन्या मुद्रणात तिची घुंघुं अनेकदा उतरलेली असते. संवाद नसलेला तुकडा निवडून ऑडॅसिटीत त्याचा वर्णपट काढा. वर्णपट म्हणजे कोणत्या कंपनसंख्येवर किती आवाज आहे, त्याचा आलेख. तिथे ६० ऐवजी ५७ वर उंचवटा दिसला, तर ६० भागिले ५७, म्हणजे सुमारे १.०५३ पटीने वेग वाढवायचा. एकतीस मिनिटं तीन सेकंदांची फाइल मग बरोबर साडेएकोणतीसवर येते. दोन्ही खुणा अशा जुळल्या की निर्धास्त व्हा. जुळल्या नाहीत तर थांबा, कारण घुंघुं पुढच्या एखाद्या कॉपीत मिसळलेली असू शकते. अशा वेळी तिसरा मार्ग कामी येतो, पण तो एनबीसी या नेटवर्कच्या कार्यक्रमांपुरता. शेवटी वाजणारी तीन सुरांची घंटा पाश्चात्त्य जी, ई, सी या स्वरांत असते. पेटीवर ताडून पाहा.

दुरुस्ती करताना वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा. नुसती लय बदलणारा निवडला तर लांबी बरोबर होते, पण आवाज जडच राहतो.

यानंतर सफाई. प्रक्षेपणाच्या तबकड्या सोळा इंचांच्या असत आणि एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं मावत. म्हणजे अर्ध्या तासाच्या नाटकाला दोन बाजू. मध्यावर आल्यावर खरखरीचा पोत अचानक बदलतो, तो यामुळे. खरखर कमी करणाऱ्या सोयीला आधी खरखरीचा नमुना द्यावा लागतो. बरेच जण सुरुवातीचा एक नमुना घेऊन तोच अख्ख्या फाइलला लावतात. मग पहिला अर्धा भाग स्वच्छ होतो आणि दुसऱ्यात संवादांना किणकिणाट येतो. दोन्ही भागांचे नमुने वेगळे घ्या.

आणि हात आखडता ठेवा. सहा ते आठ डेसिबलपेक्षा जास्त खरखर काढायला जाऊ नका. ‘गनस्मोक’ (१९५२ ते १९६१) ही मालिका तिच्या ध्वनियोजनेसाठी नावाजली गेली. लाकडी पदपथावरची बुटांची चाल, लांबून येणारं कुत्र्याचं भुंकणं, दोन वाक्यांमधला मोकळ्या माळाचा सन्नाटा. सॉफ्टवेअरला हे आणि खरखर यांतला फरक कळत नाही. जोर वाढवला की पाऊस, वारा, पावलं सगळं पुसून जातं आणि उघड्या माळावरची माणसं कपाटात उभी राहून बोलल्यासारखी वाटतात. थोडी खरखर उरली तरी चालेल. कान पाच मिनिटांत तिला सरावतो.

जुन्या जाहिरातींचं काय? माझं मत स्पष्ट आहे : ठेवा. नाटकाचे अंक त्या जाहिरातींच्या हिशेबाने बांधलेले असत. ताण कुठे वाढवायचा आणि कुठे सोडायचा, ते त्यावर ठरे. शिवाय तारखेचा पुरावाही त्यातच असतो. सिगारेटची जाहिरात असेल तर निवेदनात एक वाक्य सांगून टाका.

निवेदन दोन मिनिटांच्या आत संपवा. मालिका, तारीख, लेखक, मुख्य कलाकार, आणि ऐकण्यापूर्वी माहीत हवी अशी एखादी गोष्ट. ‘सॉरी, राँग नंबर’मध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला टेलिफोनवर लाइन जुळून दोन अनोळखी माणसांचं खुनाविषयीचं बोलणं ऐकू येतं. मोबाइलवर वाढलेल्या मुलाला हे मुळात घडू कसं शकतं, हाच प्रश्न पडेल. ‘पूर्वी ऑपरेटर हाताने लाइन जोडत आणि क्रॉस कनेक्शन व्हायचं’ एवढं सांगितलं की पुरे. कथा पुढे कुठे जाते त्याचा इशाराही देऊ नका. चर्चा करायची तर नाटकानंतर. इंग्रजी उच्चार जुन्या वळणाचे असतात, म्हणून पात्रांची नावं आणि नाती मात्र आधीच सांगा. मराठी श्रोत्याला त्याचा खरा उपयोग होतो.

काही नाटकांत त्या काळचा वंशद्वेष उघड दिसतो. ‘ॲमॉस अँड अँडी’मध्ये कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज वर्षानुवर्षं गोऱ्या नटांनी काढले. युद्धकाळातल्या नाटकांत जपान्यांविषयी शिवराळ शब्द येतात. असा भाग लावायचाच असेल तर सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगा. गुपचूप कापू नका. कापलेलं नाटक त्या काळाबद्दल खोटं सांगतं.

निवेदन मुद्रित करताना पंखा आणि फ्रिज बंद, खिडक्या लावलेल्या, आजूबाजूला गाद्या-गोधड्या. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका. आपला स्वच्छ आवाज संपून लगेच १९४३ चा दबका आवाज सुरू झाला की कानाला धक्का बसतो. मध्ये एक-दोन सेकंद शांतता सोडा, आणि जुन्या मुद्रणाची खरखर हळूहळू वर आणून मग नाटक सुरू करा.

दोन्ही आवाजांची पातळी सारखी करणं ही शेवटची तांत्रिक पायरी. श्रोत्याला निवेदनाला आवाज कमी आणि नाटकाला जास्त करावा लागला, तर तो दुसऱ्यांदा येत नाही. पातळी मोजायचं एकक एलयूएफएस. सर्वसाधारण रिवाज स्टिरिओला उणे १६ आणि मोनोला, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाला, उणे १९ असा आहे. ही नाटकं मुळात मोनोच आहेत, तेव्हा फाइलही मोनोच काढा. ९६ केबीपीएसच्या एमपी३मध्ये अर्धा तास सुमारे साडेएकवीस एमबीत बसतो.

फाइल पॉडकास्ट ठेवणाऱ्या होस्टिंग सेवेवर चढवली की ती सेवा आपल्याला आरएसएस फीड देते. फीड म्हणजे भागांची आपोआप अद्ययावत होणारी यादी. तिचा पत्ता स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट्स वगैरे ठिकाणी एकदाच नोंदवायचा. मुखपृष्ठाचं चित्र चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेलचं लागतं. त्यावर जुन्या नटनट्यांची छायाचित्रं लावू नका, त्यांचेही हक्क असतात. भागाच्या नावात नाटकाचं नाव आधी आणि मालिका, वर्ष नंतर लिहा, कारण फोनच्या पडद्यावर सुरुवातीचे चार-पाच शब्दच दिसतात. चार भाग पूर्ण तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नका. सफाईला आपण धरतो त्यापेक्षा नेहमी जास्त वेळ लागतो.

भाग प्रसिद्ध झाल्यावर चुका कळतात. कोणी लिहितं की हा प्रयोग १९४५ चा आहे, कोणी सांगतं की अठराव्या मिनिटाला एक वाक्य गळलंय. त्यासाठी नवा भाग टाकू नका. जुन्याच नोंदीत फाइल बदला, म्हणजे फीडमधली तिची ओळख तीच राहते आणि श्रोत्याच्या यादीत एकच नाटक दोनदा दिसत नाही. वर्णनाच्या शेवटी काय बदललं आणि कोणत्या तारखेला, ते एका ओळीत लिहून ठेवा. ज्यांनी आधीच डाउनलोड केलंय त्यांच्याकडे जुनी फाइलच राहते, म्हणून चूक मोठी असेल तर पुढच्या भागाच्या निवेदनातही ती सांगा.