तळघरातील पाझर आणि अंतर्गत निचरा

नाशिकच्या जुन्या गावठाणात, विशेषतः सराफ बाजार व भांडी बाजार या गोदाकाठच्या भागांत, पाण्याचा उपद्रव नवा नव्हे. १९६९, २००८, २०१६ व २०१९ या वर्षींच्या पुरांचा विचार शेवटी करू. प्रस्तुत विवेचन मुख्यतः पावसाळ्यात तळघराच्या भिंतीच्या पायथ्याशी निमूटपणे पाझरणाऱ्या पाण्याविषयी आहे.

दख्खनचा काळा कातळ स्वतः फारसे पाणी सोडीत नाही. परंतु त्यातील सांधे, वरचा मुरूम आणि विहिरी खोदणारे ज्यास मांजऱ्या म्हणतात तो खडक यांतून ते वाहते. खाली गेरूचा थर लागला की ते अडते व आडवे सरकू लागते. अशा थरात खोदलेले तळघर म्हणजे वस्तुतः एक विहीरच होय. विहीर आतून गिलावा करून कोरडी राहत नाही, हे कोणीही मान्य करील. तळघरात मात्र हा खटाटोप वर्षानुवर्षे चालतो आणि भिंतींना लोणा लागतच राहतो.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. एक मीटर उंचीचे पाणी दर चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब देते. १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या तळाचे वजन तेवढ्याच क्षेत्राला सुमारे ३६० किलोग्रॅम भरते. म्हणजे भिंतीत न गुंतवलेला तळ उचलला जाण्यास, त्याच्या खालच्या पृष्ठापासून ३६ सेंटिमीटर चढलेले पाणी पुरे. मग गिलाव्याची काय कथा! पाणी अडविण्याऐवजी त्याला वाट दिली की दाब साचत नाही, हेच अंतर्गत निचऱ्याचे तत्त्व होय.

तत्पूर्वी फुटका नळ वा पागोळ्यांचे पाणी हे कारण नाही ना, ते पाहावे. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा कडेने चिकटवून एक दिवस ठेवावा. ओल त्याच्या खोलीकडील बाजूस धरली, तर दोष श्रावणातील दमट हवेचा समजावा.

पाझर निश्चित झाल्यावर भिंतीलगत तळ फोडून चर खणावा. मात्र पायाच्या तळाखाली जाऊ नये. त्यात छिद्रांची नळी शंभरास एक या उताराने बसवून भोवती धुतलेली खडी व गाळणीचे कापड घालावे. कापडात काटकसर नको. पाण्याबरोबर माती वाहू लागल्यास पाया पोकळ होतो. हौदात सतत गढूळ पाणी येणे हे धोक्याचे चिन्ह होय. हौदातील पंप तरंगत्या गोळ्याने आपोआप सुरू व्हावा, उपसा-नळीवर परतझडप असावी, आणि पाणी शेजाऱ्याच्या पायात सोडू नये. वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते, म्हणून बॅटरीवरील दुसरा पंप हवाच.

पुराचे पाणी रस्त्यावर आले असता मात्र उपसा थांबवावा. भिंतीबाहेर अडीच मीटर पाणी असल्यास दर मीटर लांबीवर तीन टनांहून अधिक रेटा येतो. आतील पाणी त्यास काही अंशी तोलून धरते. जुन्या चुन्यातील भिंत असेल, तर पूर ओसरल्यावरच, बाहेरची पातळी उतरत जाईल तसतसे, आतील पाणी सावकाश काढावे.