टीव्ही पकडणारा कॉम्प्युटर, चावी मात्र केबलवाल्याकडे

तासाभराचा एचडी कार्यक्रम रेकॉर्ड करताना कॉम्प्युटरला किती घाम गाळावा लागतो? जवळजवळ अजिबात नाही. डिजिटल केबलमधून चित्र येतं तेच मुळी आवळून, दाबून, छोटं करून. ट्यूनरने हवा तो प्रवाह वेचायचा आणि कॉम्प्युटरने तो जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा, संपलं काम. अमेरिकेत केबलच्या ६ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून सेकंदाला ३८ मेगाबिटच्या आसपास माहिती वाहते. तेवढ्यात दोन-तीन एचडी चॅनेल सुखाने मावतात. रेकॉर्डिंगला तासाला साधारण ६ ते ८ जीबी जागा लागते. म्हणजे १ टेराबाइटच्या डिस्कवर सव्वाशे तास तरी आरामात. एखाद्या ऑफिसने मोडीत काढलेला पीसीसुद्धा एका वेळी तीन-चार कार्यक्रम टिपतो आणि वर डुलक्या काढतो.

मग अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी या एवढ्याशा कामापायी वर्षानुवर्षं डोकेफोड का केली? कारण चित्र सोपं होतं, केबल कंपनीने त्याला घातलेलं कुलूप अवघड होतं. खालच्या सगळ्या गमती त्या कुलपाच्याच आहेत.

आधी कोर्टाची पायरी

घरी बसून टीव्ही रेकॉर्ड करणं ही चोरी आहे का, हा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. युनिव्हर्सल आणि डिस्ने या स्टुडिओंनी सोनीच्या बेटामॅक्स रेकॉर्डरवर दावा ठोकला. १७ जानेवारी १९८४ रोजी निकाल लागला, तोही ५ विरुद्ध ४ असा काठावरचा: कार्यक्रम नंतर बघता यावा म्हणून घरी टिपून ठेवणं कायदेशीर आहे. सोनीच्या बाजूने साक्ष द्यायला कोण उभं राहिलं होतं? लहान मुलांच्या कार्यक्रमाचे लाडके सूत्रधार फ्रेड रॉजर्स! कुटुंबांनी आपला कार्यक्रम रेकॉर्ड करून सवडीने बघितला तर माझी काही हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्तींनी निकालपत्रात त्यांच्या साक्षीची दखल घेतली. दुसऱ्या बाजूला चित्रपटउद्योगाची बाजू लढवणारे जॅक व्हॅलेन्टी. त्यांनी १९८२ मध्ये संसदेच्या समितीपुढे व्हीसीआरची तुलना थेट बोस्टनमध्ये एकट्यादुकट्या बायकांना गळा दाबून मारणाऱ्या खुन्याशी केली. पुढे याच व्हिडिओ कॅसेटींनी स्टुडिओंच्या तिजोऱ्या भरल्या, पण व्हॅलेन्टींची ती उपमा त्यांना जन्मभर चिकटली.

पौर्णिमेचा मुहूर्त

हार्ड डिस्कवर टीव्ही टिपणारे पहिले घरगुती डबे १९९९ मध्ये बाजारात आले: टिवो आणि रिप्लेटीव्ही. टिवोचा पहिला माल कारखान्यातून निघाला ३१ मार्च १९९९ रोजी. त्या महिन्यातली ती दुसरी पौर्णिमा होती, म्हणून कंपनीत तो दिवस सणासारखा मानला जाऊ लागला. मुहूर्त बघायची हौस आपल्यालाच आहे असं कोणी समजू नये.

रिप्लेटीव्हीने पुढे आगाऊपणा करून जाहिराती आपोआप गाळायची सोय दिली. स्टुडिओ आणि वाहिन्यांनी कोर्टात खेचलं आणि २००३ मध्ये तिच्या मालक कंपनीचं दिवाळं वाजलं. टिवोने मात्र जाहिराती भरभर पुढे पळवण्याएवढ्यावरच भागवलं आणि ती टिकली.

डबा विकत घेण्यापेक्षा तो आपणच बनवू, असं म्हणत आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रामरने २००२ मध्ये लिनक्सवर मिथटीव्ही लिहायला घेतलं. फुकट, खुलं, आणि बसवताना नाकीनऊ आणणारं. ज्यांनी ते सुरळीत चालवून दाखवलं त्यांचा मित्रमंडळीत दरारा असे.

चिकटपट्टीने लावलेला डोळा

केबलचा डबा चित्र उलगडून देतो, पण चॅनेल बदलतो फक्त रिमोटने. मग कॉम्प्युटरने चॅनेल कसं बदलायचं? रिमोटचं सोंग घेऊन! तारेच्या टोकाला डाळीच्या दाण्याएवढा इन्फ्रारेड दिवा. डब्याच्या तोंडावरच्या काळसर काचेमागे रिमोटचा किरण नेमका कुठे झेलला जातो ते टॉर्च मारून शोधायचं आणि त्या ठिपक्यावर हा दिवा चिकटपट्टीने डकवायचा. वर काळी पट्टी, म्हणजे घरातला दुसरा रिमोट लुडबूड करणार नाही. ठरल्या वेळी कॉम्प्युटर आकडे दाबतो: सात, शून्य, दोन. डबा जरा सुस्त असेल तर मधलं शून्य गिळतो आणि ७०२ ऐवजी ७२ लागतं. सकाळी उठून बघावं तर फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या जागी भांडी विकणारं चॅनेल, तेही झकास एचडीमध्ये. यावर उपाय एकच: दोन आकड्यांमध्ये थोडी उसंत द्यायची.

दुसरी पळवाट सरकारनेच उघडून दिली होती. १ एप्रिल २००४ पासून, ग्राहकाने मागितला तर चालू फायरवायर पोर्ट असलेला एचडी डबा केबल कंपनीने द्यायचा, असा एफसीसीचा, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचा नियम होता. त्या पोर्टमधून मूळ डिजिटल प्रवाहच कॉम्प्युटरमध्ये ओतता येई. अर्थात ज्या चॅनेलवर कुलूप नाही त्यांचाच.

तिसरी वाट २००८ ची. हॉपॉग कंपनीचा एचडी-पीव्हीआर नावाचा छोटा डबा लाल-हिरव्या-निळ्या अॅनालॉग तारांमधून चित्र घ्यायचा आणि जागच्या जागी पुन्हा डिजिटल करायचा. सगळं डिजिटल कुलूप डब्याच्या आत, आणि मागच्या भिंतीतून चित्र मोकाट बाहेर. रखवालदाराला पुढच्या दारावर उभं करून मागचं दार सताड उघडं ठेवावं, तसा प्रकार. कायदा करणाऱ्यांना हे भोक माहीत होतं. बुजवणं मात्र कोणाला धड जमलं नाही.

केबलकार्डाचं रामायण

आता मुख्य पात्र. १९९६ च्या दूरसंचार कायद्यात अमेरिकी संसदेने एक साधी गोष्ट लिहिली: केबलचा डबा ग्राहकाला दुकानातूनही घेता आला पाहिजे, दर महिन्याला कंपनीलाच भाडं भरायची सक्ती नको. या कलमातून केबलकार्ड जन्मलं. जुन्या लॅपटॉपमध्ये बाजूने सरकवायचे तसं, क्रेडिट कार्डाच्या लांबीरुंदीचं, थोडं जाड कार्ड. चावी या कार्डात, बाकी यंत्र तुमच्या पसंतीचं. २००४ पासून केबल कंपन्यांना ते देणं भाग पडलं. तरी कंपन्या स्वतःच्या डब्यात मात्र कार्ड न घालता आतच कुलूप बसवत राहिल्या. शेवटी १ जुलै २००७ पासून तेही बंद झालं: तुमच्याही नव्या डब्यात हेच कार्ड घाला, म्हणजे ते चालतं की नाही याची तुम्हालाही काळजी राहील!

कॉम्प्युटरसाठी हे कार्ड आलं २००७ मध्येच, विंडोज व्हिस्टाबरोबर. आणि इथे कमाल झाली. ट्यूनर सुटा विकत घेऊन आपल्या पीसीला जोडायची सोय नाही. केबल उद्योगाच्या प्रयोगशाळेची मान्यता असलेला, खास बायोस आणि खास परवाना-क्रमांक असलेला अख्खा नवा पीसीच घ्यायचा. ज्यांना स्वतःच्या हाताने पीसी जोडायची सर्वांत जास्त हौस, नेमक्या त्यांच्याच हातावर वाटाण्याच्या अक्षता. ही अट सप्टेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एकदाची सैल केली. पाठोपाठ २०१० मध्ये सीटन कंपनीचं चार ट्यूनरचं कार्ड आलं, किंमत ३९९ डॉलर. २०११ मध्ये सिलिकॉनडस्टचा एचडीहोमरन प्राइम, तीन ट्यूनरचा. हा दुसरा तर कॉम्प्युटरच्या पोटातही जात नव्हता. घराच्या नेटवर्कला जोडला की कुठल्याही खोलीतल्या पीसीवर टीव्ही हजर.

पण खरी परीक्षा फोनवर. कार्ड खोचलं की पडद्यावर लांबलचक आकडे उमटत: एक कार्डाचा, एक यंत्राचा आणि खाली जोडणीचा. ते केबल कंपनीला फोन करून वाचून दाखवायचे, पलीकडच्याने ते टंकायचे, मग तिथून हिरवा कंदील मिळाला की चॅनेल उलगडणार. एक आकडा चुकला की सगळं मुसळ केरात. पलीकडच्या माणसाने केबलकार्ड हा शब्द पहिल्यांदाच ऐकलेला असण्याची शक्यताही दांडगी. ‘तुमचा डबा बंद करून पुन्हा चालू करा’ हे उत्तर ठरलेलं. डबा नाहीच, हे त्याला पटवण्यात पहिली दहा मिनिटं जात. कित्येक कंपन्या तर कार्ड खोचायलाही स्वतःचाच तंत्रज्ञ पाठवायचा आग्रह धरत, आणि त्याचे पैसे लावत. ग्राहकाला स्वतः कार्ड बसवू द्या, असं एफसीसीला नियम करून सांगावं लागलं, तो लागू झाला ऑगस्ट २०११ मध्ये.

एवढं करून गंगेत घोडं न्हालं म्हणावं, तर काही शहरांत केबलवाल्यांनी नवीच शक्कल काढली. जे चॅनेल त्या क्षणी वस्तीत कोणीच बघत नाही ते तारेतून पाठवायचंच नाही. कोणी मागितलं की सोडायचं. तारेतली जागा वाचते, हुशारीच ती. पण केबलकार्डाचे ट्यूनर ऐकू शकत, मागू शकत नव्हते. त्यांच्या वतीने मागणी करायला यूएसबीने जोडायचा आणखी एक डबा! डबा नको म्हणून केलेल्या खटाटोपाच्या शेवटी टेबलावर दोन डबे.

हिशोब बघा. ग्राहकांनी स्वतःच्या यंत्रांसाठी घेतलेली केबलकार्डं सगळ्या अमेरिकेत ६ लाखांच्या आसपास होती. कंपन्यांच्या भाड्याच्या डब्यांत बसवलेली ५ कोटींहून जास्त. डब्यांचा बाजार खुला करायला आणलेलं कार्ड डब्यांच्याच पोटात जाऊन बसलं. माझ्या मते धोरण फसल्याचा याहून स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही.

तीन शिक्के

चॅनेल उलगडलं तरी प्रत्येक कार्यक्रमावर एक अदृश्य शिक्का असे: हव्या तितक्या प्रती काढा, एकदाच काढा, किंवा काढूच नका. पहिला शिक्का असेल तर फाईल तुमची; मिथटीव्हीतही चाले, लॅपटॉपवर नेता येई. ‘एकदाच’ असेल तर ज्या पीसीवर रेकॉर्ड केलं त्याच पीसीवर बघायचं. फार तर त्याला जोडलेल्या एक्सबॉक्स ३६० वर. कोणता शिक्का लावायचा हे बऱ्याच अंशी केबल कंपनीच्या मर्जीवर. त्यामुळे एकच कार्यक्रम एका गावात मोकळा, शेजारच्या गावात कुलूपबंद. घर बदलताना शाळा कुठली, रस्ता कसा याबरोबर इथला केबलवाला कुठला शिक्का मारतो, अशी चौकशी करणारे महाभागही असणारच.

जाहिराती हुंगणारं सॉफ्टवेअर

जाहिरात कुठे सुरू झाली हे कॉम्प्युटरला कसं कळतं? कार्यक्रम आणि जाहिरात यांच्या सांध्यावर क्षणभर पडदा पूर्ण काळा होतो, आवाजही गपकन थांबतो. शिवाय कोपऱ्यातला चॅनेलचा लोगो जाहिरातीत गायब होतो. या खुणा जोडून कॉमस्किपसारखं सॉफ्टवेअर जाहिरातींच्या हद्दी आखतं. अंधाऱ्या भयपटात मात्र त्याची भंबेरी उडते. काळोखात खुनी दबक्या पावलांनी येतो आणि सॉफ्टवेअरला वाटतं, आली साबणाची जाहिरात.

कार्यक्रमांचं वेळापत्रक कॉम्प्युटरला पुरवणारी एक फुकट सेवा १ सप्टेंबर २००७ रोजी बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनीच वर्गणी काढून शेड्यूल्स डायरेक्ट नावाची ना-नफा संस्था उभी केली. ती अजून चालू आहे.

कॉम्प्युटरविना विक्रम

या सगळ्या हौशींना लाजवणारी बाई फिलाडेल्फियात होती, मॅरियन स्टोक्स. पूर्वी ग्रंथपाल. १९७० च्या दशकाअखेरीपासून २०१२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत त्यांनी चोवीस तास बातम्या टिपल्या. एका वेळी अनेक व्हीसीआर, सहा तासांची टेप संपत आली की घरचे लोक जेवण अर्धवट टाकून पळत घरी. जमलेल्या टेपा सुमारे ७०,०००. त्या पुढे इंटरनेट अर्काइव्हकडे गेल्या. गंमत म्हणजे बाईंना अॅपलच्या कॉम्प्युटरांचा भारी सोस, ढिगाने जमवले होते. रेकॉर्डिंग मात्र टेपवरच.

आणि आपल्याकडे?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून टीव्ही ट्यूनर कार्ड आणायचं, केबलवाल्याची वायर थेट त्यात खोचायची आणि मालिका रेकॉर्ड करायची, हे एकेकाळी शाळकरी पोरंही करत. अॅनालॉग केबलला कुलूपच नव्हतं. १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत सेट-टॉप बॉक्सची सक्ती आली, पुढच्या वर्षी पुणे, नाशिक, नागपूरचा नंबर लागला आणि ती कार्डं खणात जाऊन पडली. आपल्याकडे चावी डब्यातच. सुटं कार्ड मागायचा प्रश्नच नाही. ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की कुठलाही बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावा. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या एफसीसीने केबलकार्ड देण्याची सक्ती काढून टाकली.

केबलकार्डावरून टीव्ही टिपणारा विंडोजचा प्रोग्राम म्हणजे मीडिया सेंटर; तो विंडोज १० मध्ये नाही, आणि त्याला मिळणारं वेळापत्रकही २०२० च्या सुरुवातीला थांबलं. तुमच्या न्यू जर्सीतल्या भावाकडे वा कॅलिफोर्नियातल्या मावशीकडे माळ्यावर असा जुना पीसी असेल, तर त्यांना एवढंच कळवा: फॉरमॅट मारू नका, विंडोज नव्याने टाकू नका. ‘एकदाच’ शिक्क्याच्या फाइली डिस्कवर तशाच राहतील, पण त्यांची चावी पुसली जाईल. जे बघायचं असेल ते आधी त्याच पीसीवर बघून घ्या.