परमुलखातील सेवा : फुलहॅम, केडगाव आणि हिंजवडी

परदेशी जाऊन तेथील एखाद्या चर्चबरोबर गरीब वस्तीत काही आठवडे काम करायचे, ही कल्पना आपल्या महाविद्यालयात आता नवी राहिलेली नाही. अशा सहलींची (सहल हा शब्द मी मुद्दामच वापरते आहे) माहितीपत्रके वर्गावर्गांतून फिरत असतात. दोन आठवडे, अमुक देश, सकाळी शाळेत शिकवणे, दुपारी वस्तीत भेटी, शनिवार-रविवार प्रेक्षणीय स्थळे, आणि सर्वांत खाली शुल्काचा आकडा. सेवा करायची आणि वर पैसेही मोजायचे, याचे माझ्या मैत्रिणींना नवल वाटते. मला त्यात वावगे काही दिसत नाही. पाहुणा आला की त्याचे जेवण, अंथरूण, वाहन, दुभाषी हे सारे ओघाने आलेच. ज्या गरिबांसाठी तो आला त्यांच्याच माथी तो खर्च का पडावा? माझी शंका निराळी आहे. तिकडे गेल्यावर आपण कोणाच्या हाताखाली काम करणार, हे त्या पत्रकात कोठेच छापलेले नसते.

ही शंका मला पुस्तकात सापडली नाही. मी हिंजवडीची. आमच्या गावाला जग ओळखते ते संगणक कंपन्यांच्या वसाहतीमुळे. गाव स्वतःला ओळखते ते म्हातोबाच्या बगाडामुळे. शेते गेली, काचेच्या इमारती आल्या आणि त्या बांधणारी माणसे आली : बिहारची, झारखंडची, छत्तीसगडची, ओडिशाची, आपल्या मराठवाड्याची. ही कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. एक बांधकाम संपले की बिऱ्हाड दुसरीकडे हलते. मुलांची शाळा मात्र त्यांच्याबरोबर हलत नाही.

अशाच एका वस्तीलगत एक लहानशी मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी दुपारी मुलांचा वर्ग चालवते. मंडळी म्हणजे जेमतेम तीस कुटुंबे. कोणी रिक्षा चालवतो, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी कंपनीच्या फाटकावर रखवालदार. वर्गाचा सारा भार पाळकांच्या पत्नीवर. त्यांना लहानथोर सगळे 'बाई' म्हणतात. आमचे घर माळकरी, पण मी तेथे गणित शिकवायला जाते. पहिल्या दिवशीच बाईंनी सांगून टाकले होते, "प्रार्थनेला थांबावंसं वाटलं तर थांब, नाहीतर पाढे झाले की घरी जा." मी पाढे झाले की घरी जाते. त्यावरून आमच्यात आजवर कधी शब्द झालेला नाही.

दोन वर्षांपूर्वी या मंडळीकडे परदेशातील एका चर्चचे अकरा स्वयंसेवक दहा दिवसांसाठी आले. मी त्यांची दुभाषी होते. माणसे खरोखर सज्जन होती; पहाटे पाचला उठत, घाम गाळत, ताटात पडेल ते खात. पण त्यांना काम हवे होते आणि दहा दिवसांत पुरे होईल असे काम आमच्याकडे नव्हते. शेवटी वर्गाची भिंत रंगवायचे ठरले. ती दिवाळीतच रंगवलेली होती, ही गोष्ट कोणी बोलले नाही. बाई एरवी आठवड्यातून तीन दिवस मुलांचे शाळाप्रवेश, आधार कार्डे आणि रेशनची कागदपत्रे यांसाठी हेलपाटे घालतात. ते दहा दिवस त्या बिनतिखटाची भाजी करण्यात गुंतल्या. पाहुणे निघाले तेव्हा मुले रडली, पाहुणेही रडले. पुढच्या रविवारी दोन धाकट्या पोरींनी दारात उभे राहून विचारले, "दीदी, वो लोग कब आएँगे?" मी दुभाषी असूनही या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

यात दोष कोणाच्या स्वभावाचा नाही, तो व्यवस्थेचा आहे. पाहुण्याला उपयोगी पडल्याचे समाधान हवे असते आणि यजमानाला त्याचे मन मोडवत नाही. देणगीचा विषय मधे असेल तर मुळीच नाही. मग यजमानाचे काम पाहुण्याच्या मापाने बेतले जाते.

इतिहास हा माझा विषय असल्यामुळे मी मागे वळून पाहू लागले आणि पंडिता रमाबाईंपाशी येऊन थांबले. रमाबाई आपण अभ्यासतो त्या विदुषी म्हणून, फार तर धर्मांतराच्या वादासाठी. परंतु परमुलखात जाऊन चर्चचे सेवाकार्य जवळून पाहणारी आणि नंतर परमुलखातून आलेल्या सेवकांना आपल्या हाताखाली कामाला लावणारी, अशा दोन्ही भूमिका एकाच जन्मात केलेली मराठी व्यक्ती म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

पुण्याचे पंचहौद म्हटले की आपल्याला १८९० सालचे चहा प्रकरण तेवढे आठवते. तेथे इंग्लंडमधील वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनी काम करीत असत. त्यांच्या ओळखीने रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा प्रवासखर्चाला हातभार लागला. इच्छा वैद्यक शिकण्याची होती, पण ऐकू कमी येत असल्याने ती मावळली. वाँटेजला त्या आश्रित म्हणून राहिल्या नाहीत. भारतात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचे आणि स्वतः इंग्रजी शिकायचे, असा तो व्यवहार होता. आजच्या माहितीपत्रकांतील शुल्कापेक्षा मला हा सौदा अधिक सरळ वाटतो.

वाँटेजच्या भगिनींनी त्यांना काही दिवस लंडनमधील फुलहॅमच्या शाखेत पाठवले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे आश्रयगृह होते. त्या काळी आपल्याकडे अशा स्त्रीला कोणी दारात उभे केले नसते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी फुलहॅमविषयी लिहिले आहे. त्यांच्या मनावर ठसली ती तेथील भगिनींची दया तर होतीच; पण त्याहून मोलाची वाटावी अशी एक गोष्ट त्यांनी टिपली. एके काळी त्याच गृहात आश्रयाला आलेल्या काही स्त्रिया आता आजारी आणि दुबळ्यांची शुश्रूषा करण्यात आयुष्य वेचीत होत्या. जिची सेवा झाली तीच आता सेवा करीत होती. माझ्या समजुतीप्रमाणे केडगावची बीजे येथे पडली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. या दोघींचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. तो प्रत्येकाने चाळावा असे मी म्हणेन. इतकी तिखट आणि तरीही जिव्हाळ्याची पत्रे विरळाच. रमाबाई शाकाहारी राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असे त्यांनी विचारले. आज्ञापालन आणि गुलामी यांतला फरक त्या पदोपदी दाखवीत राहिल्या.

पुढची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. त्या १८८६ साली अमेरिकेला गेल्या. तेथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात वादळ उठले, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हे वादळ सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही आणि सर्वस्वी खरे होते असेही नाही. निराधार माणसाला अन्न देणाऱ्याच्या हातात त्याच्या श्रद्धेवर दाब टाकण्याची शक्ती आपोआप येते, मग त्याची इच्छा असो वा नसो. बाईंचे ते 'पाढे झाले की घरी जा' हे वाक्य मला म्हणूनच फार मोठे वाटते.

नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि दौंडच्या वाटेवर केडगावला वसवल्या. १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विहिरी, विणकाम, तेलघाणा, छापखाना हे सारे मुलीच चालवीत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत, आणि शिकलेल्या अंध मुली पुढे इतरांना. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले.

या केडगावी परदेशांतून स्त्रिया सेवेसाठी आल्या. त्यांतली मिनी एब्रम्स अमेरिकन. १८८७ पासून मुंबईत मिशनचे काम करीत होती, मराठी शिकली होती. १८९८ साली ती केडगावला आली आणि रमाबाईंच्या हाताखाली राबली. ब्रिटिश अमदानी ऐन भरात असताना गोऱ्या स्त्रीने सावळ्या स्त्रीचा हुकूम पाळायचा, ही गोष्ट तेव्हा किती विलक्षण होती याची कल्पना करून पाहावी. एब्रम्सबाईंना केडगावात काम शोधावे लागले नाही. भिंत रंगवायची की विहीर खणायची, हे तेथे रमाबाई ठरवीत.

अगदी उलट्या दिशेने वाहणारे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून आले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. ते चर्चचे काम नव्हते, पण दोघांची प्रेरणा ख्रिस्ती श्रद्धेची होती. खेड्यातल्या, बहुधा दलित आणि निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. परदेशी डॉक्टर आणि विद्यार्थी तेथे येतात ते या बायकांकडून शिकायला. शाळेची पायरी न चढलेली बाई पुढे उभी आणि वैद्यकाचा विद्यार्थी जमिनीवर वही घेऊन बसलेला, हे दृश्य तेथे कोणाला नवलाचे वाटत नाही.

आता थोडे नियमांविषयी. परदेशी माणसाला थोड्या मुदतीची विनामोबदला सेवा पर्यटक व्हिसावर करता येते; धर्मप्रसार त्यावर करता येत नाही, आणि मुक्काम लांबवायचा तर वेगळा व्हिसा लागतो. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच प्रथम जमा व्हावे लागतात. आमच्या मंडळीची अशी नोंदणी नाही, म्हणून बाई परदेशी पाकीट हातात घेत नाहीत. पाहुण्यांना याचा थोडा राग आला होता.

त्या अकरा जणांत एक निवृत्त परिचारिका होती. गेल्या वर्षी ती आवश्यक तो व्हिसा घेऊन एकटी परत आली आणि आठ महिने राहिली. आल्या आल्या तिने बाईंना विचारले, "तुम्हाला कोणत्या कामाला वेळ पुरत नाही?" बाई म्हणाल्या, लसींची कार्डे. बिऱ्हाड हलले की कार्ड हरवते आणि मुलाला कोणती लस मिळाली ते कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा त्या परिचारिकेने आमच्या आशाताईंबरोबर खोलीखोलीतून हिंडून एक नोंदवही तयार केली. सुई तिने एकदाही हातात धरली नाही. तसा परवाना तिला येथे नव्हता, आणि हे तिला कोणी सांगावे लागले नाही. आज ती वही वस्तीतली नववीतली एक मुलगी सांभाळते. नाव लिहिताना ती मात्रा विसरते, तारीख विसरत नाही.

आता त्या परिचारिकेच्या चर्चचे पत्र आले आहे. तिचे गाव इंग्लंडमधले, गिरण्या बंद पडलेले. तेथे चर्चच्या तळघरात अन्नपेढी चालते. म्हणजे ज्यांच्या घरी आठवडा पुरत नाही त्यांना तीन दिवसांचा शिधा मिळतो. तुमच्याकडील दोघींनी सहा महिने येऊन हात लावावा, असे ते लिहितात. इंग्लंडात गरीब, हे ऐकून आमच्या घरी हशा पिकला. पण तेथील ट्रसेल या संस्थेची हकिकत बोलकी आहे. १९९७ साली सॉल्झबरी गावी एका ख्रिस्ती दांपत्याने ती काढली ती बल्गेरियातल्या मुलांसाठी. पुढे त्याच गावातल्या एका आईने फोन करून सांगितले की आज माझी मुले उपाशी झोपणार आहेत, त्याचे काय? तेव्हा २००० साली त्यांच्या घराच्या आवारात अन्नपेढी सुरू झाली. आज तशा पेढ्या देशभर आहेत आणि त्यांतल्या अनेक चर्चमध्येच भरतात. परमुलखाकडे लागलेली नजर एका शेजारणीने घराकडे वळवली.

मी उत्तरात तीन गोष्टी विचारल्या. कामाची वाटणी कोण करते? हे काम सध्या कोण करते, आणि मी आल्याने त्याचे काम सुटणार तर नाही ना? प्रार्थनेला न थांबता घरी जाता येईल का? पहिल्याचे उत्तर आले : शिध्याची वाटणी पाहणारी बाई सहा वर्षांपूर्वी त्याच रांगेत पिशवी घेऊन उभी राहत असे, आणि ती कडक आहे. दुसऱ्याचे आले : डबे तारखेवार लावायला कोणी नाही, ते रात्रीचे काम आहे. तिसऱ्यावर परिचारिकेने एवढेच लिहिले की तुमच्या बाईंचा नियम मी इकडे सांगून ठेवला आहे.

व्हिसा मिळाल्यास परीक्षेनंतर जूनमध्ये मी जाईन. तोपर्यंत हिंजवडीच्या वर्गाला गणिताचे कोणीतरी हवे. वेळ रविवारी चार ते सहा, बसायला सतरंजी, मुले चाळीसच्या आसपास, त्यांतल्या निम्म्यांना मराठी अजून येत नाही. दोन आठवड्यांसाठी येऊ इच्छिणाऱ्यांना बाई चहा देतील, वर्ग देणार नाहीत.