हत्तीरोगाच्या काचपट्ट्या आणि फसवी सरासरी

नागपूर पट्ट्यात हत्तीरोग जुना आहे. वुचेरेरिया कृमीची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, बोटाच्या रक्तात सापडतात ती बहुतेक रात्रीच. त्यामुळे १९५५ साली राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून रात्री घरोघर जाऊन रक्त घेण्याची रीत पडली. बोटाला सुई टोचायची, २० घनमिलिमीटर रक्त काचपट्टीवर पसरायचे. वाळलेली पट्टी पाण्यात बुडवून लाली उतरवायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिल्ले मोजायची.

खरा पेच मोजणीनंतर सुरू होतो. समजा, दहा पट्ट्यांपैकी सहांवर शून्य, उरलेल्यांवर १, २, ३ आणि १४४. सरासरी १५ येते, पण त्या दहांत १५ च्या आसपासचा एकही माणूस नाही! मध्यक तर शून्य.

परजीवींची वाटणी अशीच विषम असते. क्रॉफ्टन यांनी १९७१ मध्ये ती परजीवितेच्या व्याख्येतच घातली. घंटाकृती वक्र गृहीत धरणाऱ्या चाचण्या इथे अडखळतात. त्यावरचा उपाय त्याआधीच निघाला होता. विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये, तर मान आणि व्हिटनी यांनी १९४७ मध्ये आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरले. १४४ च्या जागी ४० असले तरी क्रमांक दहावाच. सीगलच्या १९५६ च्या पुस्तकाने या अप्राचलीय पद्धती संशोधकांच्या टेबलावर आणल्या.

पुढे मात्र त्या सवयीने वापरल्या गेल्या, असे मला वाटते. आपल्या उदाहरणातल्या सहा शून्यांना सारखाच, साडेतीनचा क्रमांक मिळतो आणि चाचणीची धार जाते. शिवाय रोग पसरवणाऱ्या डासांना सर्वाधिक पिल्ले पुरवणारा १४४ वालाच क्रमांकांच्या गर्दीत हरवतो. म्हणून रोझा, रायत्सिगेल आणि मायोरोश या हंगेरियन संशोधकांची २००० सालची मांडणी मला मोलाची वाटते: बाधितांचे प्रमाण वेगळे सांगा, बाधितांमधला भार वेगळा, आणि सरासरी हवीच असेल तर तिची विश्वासमर्यादा बूटस्ट्रॅपने काढा, म्हणजे हाती असलेल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने घेऊन.

बिहारमधल्या अरवलनंतर जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगावर आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली. आयव्हरमेक्टिनची मात्रा उंची मोजून ठरते. अशा मोहिमांचे यश मायक्रोफायलेरियाचे प्रमाण एक टक्क्याखाली आले की नाही, यावरून जोखतात. त्यात बाधित माणसे मोजली जातात, त्यांच्या रक्तातली पिल्ले नाहीत. प्रत्येक पट्टीवरची मोजणीही अहवालात छापली गेली पाहिजे.