रात्रपाळीतून सुटलेली मोटार

कपाशीला पाणी द्यायचंय आणि लाईट येणार रात्री. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. थ्री फेज पाळीने मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मग बॅटरी घेऊन अंधारात दारं धरायची. बांधावर साप असो, उसात बिबट्या असो.

आता वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा सौर प्रकल्प बघा. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला हा राज्यातला पहिला. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या एका कार्यक्रमात आणखी चार प्रकल्पांसोबत त्याचं लोकार्पण झालं. क्षमता ३ मेगावॉट. म्हणजे किती? पाच एचपीची मोटार साधारण पावणेचार किलोवॉट खाते. चांगलं ऊन असेल, तर एका वेळी आठशेच्या आसपास मोटारी! तेही धुराड्याशिवाय, कोळशाशिवाय.

हे होतं कसं? पॅनलमधली सिलिकॉनची चकती कागदासारखी पातळ असते. तिच्या एका थरात फॉस्फरस मिसळलेला, दुसऱ्यात बोरॉन, दोन्ही अगदी चिमूटभर. आठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेला प्रकाशाचा कण इथे आदळतो आणि एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठवतो. उठलेला इलेक्ट्रॉन परत तिथेच का बसत नाही? कारण दोन थरांच्या सीमेवर विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हसारखी व्यवस्था आहे: एका बाजूने जाऊ देईल, उलटं येऊ देणार नाही. अडलेल्या इलेक्ट्रॉनला मग तारेतून फिरून यावं लागतं. ते फिरणं म्हणजेच वीज. एका चकतीचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून शेकडो चकत्या एकापुढे एक जोडायच्या.

आणि गंमत म्हणजे या चकतीला ऊन हवं, पण उष्णता नको! पॅनलवर छापलेले वॉट २५ अंश तापमानाचे असतात. मे महिन्यात तेच पॅनल ६५ अंशांवर गेलं, की सातव्या हिश्श्याच्या आसपास वीज कमी होते. आपल्याकडचा वैशाख सौरविजेला वाटतो तितका मानवत नाही.

असे प्रकल्प फक्त आपल्याकडेच नाहीत. रवांडात २०१४ साली साडेआठ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. पूर्व आफ्रिकेत ग्रिडला जोडलेला हा पहिला मोठा सौर प्रकल्प. २८ हजारांवर पॅनल, आणि मांडणी आफ्रिका खंडाच्या नकाशाच्या आकाराची. तिथे काय, इथे काय, सौरविजेचा एक दोष सगळेच सांगतात: सूर्य मावळला की खेळ संपला, साठवायची तर महागडी बॅटरी लागते. पण शेतीपंपासाठी रात्री वीज हवीच कुणाला? घरातला दिवा रात्रीसाठी असतो, मोटार मात्र दिवसा चालली तर सोन्याहून पिवळं. जगभर जो दोष गणला जातो, तो शेतीच्या फीडरवर आला की गुण होतो. मला तरी या योजनेतली सर्वांत हुशार गोष्ट हीच वाटते. शिवाय वीज सबस्टेशनच्या जवळच तयार होते. चंद्रपूरच्या कोळशाची वीज शेकडो किलोमीटर ओढत आणायची, तिचा काही भाग वाटेतच तारा तापवण्यात जायचा, ते वाचतं.

आता एक कोडं. भर दुपार, कडक ऊन, आणि फॉल्ट होऊन लाईन गेली. शेजारच्या सौर प्रकल्पाची वीज तर चालू राहील ना? नाही! पॅनलची वीज एकाच दिशेने वाहणारी असते. इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून ती उलटसुलट वाहणारी करतो, ग्रिडच्या ५० हर्ट्‌झच्या ठेक्याशी अचूक जुळवून. तो ठेका थांबला, की काही क्षणांत इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. मुद्दामच तसा बनवलेला असतो. नाहीतर लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला खालून सूर्याचा शॉक बसायचा.