हत्यारांची आलमारी

पुण्या-मुंबईकडे ‘कपाट’ म्हणतात, आमच्या वऱ्हाडात ‘आलमारी’. आणि घरात बंदूक ठेवायचा विषय निघाला की वऱ्हाडी शब्दच नेमका ठरतो! हा शब्द पोर्तुगीज ‘आर्मारियु’वरून आला. त्याच्या मागे लॅटिन ‘आर्मारियुम’ आणि त्याच्या पोटात ‘आर्मा’, म्हणजे हत्यारं. लग्नातले शालू, सातबारा, पोरांच्या मार्कशीट असं सगळं आपण जिच्यात ठेवतो, ती आलमारी मुळात हत्यारांचीच. गंमत पुढेच आहे. तिची ‘चाबी’ही पोर्तुगीजच आणि ‘काडतूस’ही पोर्तुगीजच. ‘कुलूप’ मात्र अरबी ‘कुफ्ल’वरून आलं. ‘बंदूक’ही अरबीच. ‘बुंदुक’ म्हणजे टणक कवचाचं एक गोल फळ, हेझलनट. त्या फळावरून छोट्या गोळीला ते नाव पडलं आणि गोळीवरून गोळी मारणाऱ्या नळीला.

एवढे शब्द दर्यापार करून वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजापर्यंत पोचले. आता त्यांना एकत्र नीट कुलपात कसं ठेवायचं, ते बघू.

वावरातली बंदूक

किन्हीराजा मालेगाव तालुक्यातलं. (मालेगाव म्हटलं की लोक नाशिककडे बघतात. हे वाशिमचं मालेगाव, मालेगाव जहांगीर.) सोयाबीन शेंगा धरू लागलं की रानडुकरांचा कळप उतरतो, हरभरा हिरवा झाला की रोही, म्हणजे नीलगायी, येतात. एका रात्रीत वावर लोळवून जातात. म्हणून जागलीला जायचं. माळ्यावर बसायचं, डबे वाजवायचे, गोफण फिरवायची, टॉर्च मारायचा. आता कुठेकुठे झटका मशीनची तार असते. आणि एखाद्या घरी परवान्याची बंदूक असते.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याची ही गरज ओळखली आहे. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा नोंदवला आहे. ठासणीची म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायची. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. रोही आणि डुक्कर दोन्हीला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर नेम धरता येत नाही.

थोडक्यात, ही बंदूक वर्षातले बहुतेक दिवस घरातच असते. म्हणूनच ती घरात कुठे आणि कशी असते, याला एवढं महत्त्व. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याच्या अर्जासोबत बंदूक सुरक्षित वापरण्याचं आणि सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात, पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. आणि वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खुंटीवरची

जुन्या घरांतली बंदुकीची जागा डोळ्यासमोर आणा. ओसरीतून आत गेलं की समोरची भिंत, देवांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या तसबिरी, त्यांच्या खाली दोन लाकडी खुंट्या आणि खुंट्यांवर आडवी बंदूक. दस्त्याचं लाकूड हातांच्या घामाने काळंभोर झालेलं. पट्ट्याचं चामडं वाळून तडकलेलं. आल्यागेल्याला दिसावी म्हणूनच ती तिथे असायची. चोराला वचक बसतो, असं घरची मंडळी सांगत. पण चोराला घरातली सगळ्यात मोलाची वस्तू कुठे आहे हेही तीच खुंटी सांगते. आणि खुंटीखाली खाट असते. खाटेवर उभं राहिलं की आठ वर्षांच्या पोराचा हात तिथवर पोचतो. मला या खुंटीचा जिव्हाळा आहे, तरी तिच्यावर आता घड्याळ टांगावं, असंच मी म्हणेन.

आधी टेप घ्या

तिजोरी बघायला जाण्याआधी बंदूक मोजा. दुनळी बारा बोअर साधारण चार फुटांच्या आसपास भरते आणि ठासणीची बहुधा त्याहूनही लांब. आपल्या लोखंडी आलमारीतला लॉकर जेमतेम फूटभर उंच, त्यात सोनं मावतं, बंदूक मावत नाही. मग लोक ती साड्यांमागे उभी करतात आणि मनात म्हणतात, झालं सुरक्षित.

दुनळीवाल्यांसाठी एक सोय आहे. तिचे नळी, खालची लाकडी पकड आणि दस्ता असे तीन भाग हातानेच सुटे होतात. सगळ्यात लांब भाग नळीचा, अडीच फुटांच्या आतबाहेर. म्हणजे उंच तिजोरी न घेता जाड पत्र्याची आडवी पेटीही चालते. दस्ता एका कुलपात आणि नळी दुसऱ्या कुलपात ठेवली तर चोराच्या हाती अर्धीच बंदूक लागते. ठासणीची मात्र अशी सहज सुटी होत नाही. तिला उंचच कपाट हवं.

बारा आणि बारा

आता माझा सगळ्यात आवडता योगायोग. ‘बारा बोअर’मधला बारा कुठून आला? एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत चपखल बसते ती बारा बोअर, व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून वीस बोअरची नळी बाराहून बारीक. आकडा मोठा, नळी लहान.

पत्र्याचा गेजही असाच उलटा चालतो! बावीस गेजचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, वीसचा जेमतेम ०.९. चौदा गेज म्हणजे दोन मिलिमीटर आणि बारा गेज म्हणजे सुमारे २.६. त्यामुळे फॅब्रिकेशनवाल्याने अभिमानाने ‘बावीस गेज लावलाय’ म्हटलं की खूश होऊ नका. बावीस गेजचा पत्रा सब्बलीच्या एका हिसक्यात दुमडतो. ब्रिटनमधल्या बंदुकीच्या कपाटांच्या मानकात दोन मिलिमीटरचा पत्रा धरला आहे. तेवढा तरी मागाच. बारा बोअरला बारा गेज, असं लक्षात ठेवलं तर विसरायला होणार नाही.

अमेरिकेत घरगुती बंदूक-तिजोरीची एक प्राथमिक कसोटी आहे. जाणकार माणूस हातहत्यारं घेऊन तुटून पडतो आणि दाराने पाच मिनिटं टिकायचं. पाचच मिनिटं! पण रिकामटेकड्या चोराला ती पाच मिनिटं आवाज करायला लावतात आणि किन्हीराजासारख्या गावात रात्री दोनला पत्रा वाजला तर अर्धी आळी उठते.

जमिनीला धरून

तिजोरी कितीही जड असो, तीन माणसं आणि एक मालवाहू गाडी तिला पुरते. म्हणून तळाला बोल्टची भोकं आहेत का ते आधी बघा आणि ते बोल्ट काँक्रीटमध्ये ठोका. मातीच्या भुईत बोल्ट धरत नाही, तिथे दोन-अडीच फुटांचा काँक्रीटचा ओटा ओतून घ्यावा. जागा खोलीचा कोपराच. दोन बाजूंनी भिंत असली की सब्बल घालायला आणि रेटा द्यायला जागाच उरत नाही.

तिजोऱ्यांचा विषय निघाला म्हणून लालबागची आठवण काढतो. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये तिथे कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ मध्ये तिजोरी बनवली. पुढे १९५१ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी त्याच घराण्याच्या विक्रोळीच्या कारखान्यातून लाखो लोखंडी मतपेट्या बाहेर पडल्या. दाराला आतून घट्ट कुलूप कसं बसवायचं, हे तिजोरीचं शिक्षण मतांच्याही उपयोगी पडलं.

आज्ञापत्रातलं ऊन

बंदुकीला चोराइतकंच भय ओलीचं. आणि या बाबतीत मराठीत तीनशे वर्षांपूर्वीची उत्तम माहिती आहे! रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ १७१६ च्या सुमाराचं. गडावरचं दारूचं कोठार कसं असावं, ते त्यात बारकाईने सांगितलं आहे. कोठार राहत्या घराजवळ नको. तळघर करून, आत गच करून, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवायची, सरदी लागू द्यायची नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समोर उभं राहून सगळा ऐवज बाहेर काढायचा, ऊन द्यायचं आणि पुन्हा आत ठेवून मोहर लावायची. पहारा कायम. परवानगीवाचून कोणी आसपास फिरकायचं नाही.

आजची कोणतीही माहितीपुस्तिका उघडा. दारूगोळा वेगळा, ओल दूर, ठरल्या दिवशी तपासणी, चाबी एकाच्या हाती. चाबीच्या जागी मोहर धरली तर चारही गोष्टी अमात्यांकडे आहेत.

आपल्याकडे मे महिन्यात लाकूड तडकेल इतका कोरडा उन्हाळा आणि जुलैत भिंतीला पोपडे येतील इतकी ओल. तिजोरीचं दार जितकं घट्ट, तितकी आत शिरलेली ओल अडकून पडते. म्हणून तिजोरीत सिलिका जेलची पुडी हवी. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात, पण त्या निळ्या रंगातलं कोबाल्ट विषारी असतं, तेव्हा नारंगी दाणे मागा. बंदूक चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत घालून तिजोरीत ठेवू नका. पिशवी ओल धरते आणि नळीवर गंजाचे ठिपके उमटतात. ठासणीच्या बंदुकीला तर दुप्पट जपा. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळाल्यावर नळीत राहिलेली राख हवेतली ओल ओढते. गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, तेलाचा बोळा फिरवायचा आणि मगच आत.

बंदूक रिकामी ठेवायचं आणखी एक कारण आहे. आगीत सुटं काडतूस तापलं तर त्याचं टरफल फाटतं, पण छर्रे दूर जात नाहीत. तेच काडतूस नळीत असेल तर बंदूक चाप न ओढताच उडू शकते आणि आग विझवायला आलेला माणूस समोर असतो. काडतुसं दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या चाबीने.

बोटाचा ठसा की चाबी?

बोट टेकवलं की उघडणारी तिजोरी बघायला फार सुंदर. पण सोयाबीन सोंगून, कापूस वेचून ज्यांची बोटं घासली आहेत त्यांना विचारा. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटता उमटत नाही. तीच गत तिजोरीपुढे होणार. शिवाय आत बॅटरी असते आणि ती संपायचा मुहूर्त सांगून येत नाही. आकड्यांचं कुलूप घ्यायचं तर सोबत चाबीने उघडायची सोय हवीच. आकडा स्वतःच्या जन्मसालाचा किंवा गाडीच्या नंबरचा नको, घरातल्या पोरांना तो पाठ असतो.

पोरांवरून सांगतो. अमेरिकेत अलाबामाच्या ग्रामीण भागात, घरी बंदूक असलेल्या आईवडिलांना आणि त्यांच्या मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं गेलं. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बंदूक कुठे आहे हे आमच्या लेकराला माहीत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांना ती जागा माहीत होती. ‘त्याने कधी हात लावलेला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी हात लावल्याचं सांगून टाकलं. आपल्या घरात चाबी कुठे असते ते आठवा. देवघरातल्या डब्यात, फोटोच्या मागे, गहू भरलेल्या कोठीत. घरातल्या सगळ्यात धाकट्याला विचारा, तो नेऊन दाखवेल. मला तिजोरीच्या सगळ्या चर्चेत हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. पत्रा बारा गेजचा आणि चाबी खिळ्याला टांगलेली, तर पैसे पाण्यात. चाबी परवानाधारकाच्या करगोट्याला नाहीतर अंगावर. फवारणीच्या औषधांच्या बाटल्याही अशाच एका कुलपाआड गेल्या तर फार बरं होईल.

गावाला जाताना

बंदूक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू का? नाही. लॉकरच्या करारातच शस्त्रं ठेवायला मनाई असते. लांबच्या मुक्कामाला जायचं असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून पावती घ्यावी. निवडणुकीच्या दिवसांत जमा करायचा आदेश आला तरीही पावती घ्याच.

आणि घरीच ठेवायची तर जपानची शिस्त बघा, ऐकून मी थक्क झालो. तिथे बंदूक एका कुलपात, दारूगोळा दुसऱ्या कुलपात, घरातली नेमकी जागा पोलिसांना कळवलेली आणि दरवर्षी तपासणी.

खंडेनवमी

आपल्याकडे वर्षातून एकदा बंदूक आपसूकच बाहेर येते. खंडेनवमीला विळा, कोयता, पान्हे यांच्या शेजारी पाटावर तीही मांडली जाते. शेजारच्या कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातले कोडव लोक सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘कैलपोळ्द’ या सणात असंच शस्त्रपूजन करतात आणि त्यांना बंदुकीच्या परवान्यातून सूटही आहे.

पूजेआधी नळी आभाळाकडे धरून, उघडून, रिकामी असल्याचं दोघांनी पाहावं. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. इथे एक बारीक गोष्ट असते. ओल्या कुंकवाचा टिळा आणि घामेजल्या बोटांचे ठसे नळीवर तसेच राहिले, तर दिवाळीपर्यंत बरोबर त्याच आकाराचा गंज दिसतो, अंगठ्याच्या रेषांसकट. टिळा लाकडी दस्त्यावर लावावा. आरती झाली की मऊ फडकं, दोन थेंब तेल, काडतुसांची मोजदाद, सिलिका जेलची पुडी बदलायची, आणि सोनं लुटायला बाहेर पडण्याआधी आलमारीला कुलूप.