पाटलीच्या आतली बाजू

पाटली हातातून काढा, उजेडात धरा आणि तिची आतली बाजू बघा. बाहेरची नक्षी सगळेच पाहतात. आत, मनगटाला घासून गुळगुळीत झालेल्या भागावर, तिळाएवढ्या जागेत काहीतरी उमटवलेलं असतं. सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं, की एक त्रिकोण दिसतो, शेजारी ९१६, मग एकदोन इंग्रजी अक्षरं. मंगळसूत्रात ही जागा फाशावर असते, कानातल्यात दांडीवर, अंगठीत आतल्या अंगाला.

हा त्रिकोण भारतीय मानक ब्यूरोचा. सोन्यासाठी हॉलमार्कची योजना सुरू झाली एप्रिल २००० मध्ये. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. बावीसला चोविसाने भागून पाहा. त्यानंतर तपासणी केंद्राची खूण, सराफाची खूण आणि वर्षाचं एक अक्षर. हे अक्षर मला फार आवडतं. २००० साठी ‘ए’, २००१ साठी ‘बी’, असं करत करत मधलं ‘आय’ गाळून २००८ ला ‘जे’. बोरिवलीतल्या एखाद्या काकूंच्या पाटल्यांवर ‘जे’ असेल आणि त्या ‘नव्वद साली केलेल्या’ म्हणत असतील, तर हसून सोडून द्यावं. बहुधा मधे कधीतरी पाटल्या मोडून नव्या केलेल्या असतात. २०१७ पासून वर्षाचं अक्षर बंद झालं. वाईट झालं.

२००० च्या आधीच्या दागिन्यावर मात्र जे काही असेल, ते सराफाने स्वतःच्या हाताने ठोकलेलं. नावाची आद्याक्षरं, कधी पुढे २२. ते बाहेरच्या कुणी तपासलेलं नसे. ‘केडीएम’ लिहिलेलं दिसलं, की लोक ते शुद्धतेचं प्रमाणपत्र समजतात. खरं तर ते फक्त डाखाबद्दल सांगतं: सांधा जोडताना सोन्यात कॅडमियम मिसळलं होतं. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं, काम सोपं होतं. पण त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसाला घातक, म्हणून तो प्रकार मागे पडला. क्वचित १४ हा आकडा सापडला, तर जपून ठेवा. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या सुवर्णनियंत्रणाने १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी केली. कितीतरी सोनारांचा धंदा बसला आणि १९६६ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली.

आणि त्याहून जुना दागिना? आजीची बोरमाळ, मोहनमाळ, ठुशी? भिंग कितीही फिरवा, बहुतेकदा काहीच सापडत नाही. एक कारण कारागिरीचं. बोरमाळेचा मणी म्हणजे पातळ पत्रा आणि आत लाख. त्यावर ठसा ठोकला तर मणी चेपायचा. दुसरं कारण माणसांचं. सोनार गावातलाच, तीन पिढ्या ओळखीचा. शंका आलीच तर कसोटीच्या दगडावर रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब टाकायचा आणि तोंडावर जाब विचारायचा. त्याने सही कशाला करायची? मुंबईची मुलुंड, घाटकोपरसारखी उपनगरं भरत गेली ती सातारा-रत्नागिरीकडून आलेल्या, कच्छ-काठेवाडातून आलेल्या घरांनी. त्यांचा सोनार गावाकडेच राहिला. शहरात सराफ अनोळखी, म्हणून ठशाची गरज वाढली.

पण ठशावरचं नाव घडवणाऱ्याचं असतं, असं समजू नका. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-क्षेत्रात अमेरिकेसाठी अंगठ्या घडतात. तिथल्या कायद्याप्रमाणे शुद्धतेचा आकडा टाकला, की त्याची जबाबदारी घेणाऱ्या व्यापाऱ्याचं चिन्हही लागतं. त्यामुळे घडण अंधेरीची आणि चिन्ह परदेशी दुकानाचं. लंडनमध्ये सोनाराने स्वतःची खूण उमटवण्याचा नियम १३६३ सालचा आहे. आज तीच खूण माल तपासणीला पाठवणाऱ्याची मानली जाते. झवेरी बाजारात माळ्यावर बसून रवा लावणाऱ्या बंगाली कारागिराचं नाव तर कुठल्याच डागावर नसतं. हात ओळखायचा असेल, तर ठसा सोडून काम बघावं: डाख बाहेर आला आहे का, मणी एकसारखे आहेत का, तार हाताने ओढलेली आहे की यंत्राने.

मुंबईची एक खूण मात्र कित्येक घरांत गळ्यात लटकते आहे आणि घालणाऱ्यांना पत्ता नाही. हारात गिनी असेल, तर घोडेस्वाराची बाजू वर करा. साल १९१८ असेल, तर सालाच्या वर, जमिनीच्या रेघेवर भिंगातून पाहा. तिथे बारीकसा ‘आय’ दिसला, तर ती गिनी लंडनची नाही, फोर्टातल्या टांकसाळीची. महायुद्धाच्या धामधुमीत लंडनच्या शाही टांकसाळीने मुंबईत शाखा उघडली आणि सुमारे १३ लाख गिन्या पाडल्या. १९१९ मध्ये शाखा बंद झाली. एका अक्षराने एवढा ऐवज सांगायचा!

आता १ जुलै २०२१ पासून त्रिकोण, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी एवढंच लेसरने उमटतं. सहा जागा, प्रत्येकी छत्तीस पर्याय, म्हणजे २१७ कोटींहून अधिक क्रमांक. प्रत्येक डागाला वेगळा. सराफाची खूण दागिन्यावरून गेली. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये क्रमांक टाकलात, की सराफ आणि तपासणी केंद्र दोन्ही समोर येतात. सोय उत्तम आहे. पण शंभर वर्षांनी ते ॲप चालेल का, हे कोण सांगणार? ठोकलेला ठसा तरी भिंगाने वाचता येतो.

कुंदन, पोलकी आणि जडाऊला हॉलमार्कची सक्ती नाही. घरातल्या जुन्या, बिनठशाच्या दागिन्यांनाही नाही. ते ठेवता येतात, सराफाला विकताही येतात. फक्त मोडीत द्यायच्या आधी एवढं करा: फासा आणि आतली बाजू यांचे जवळून फोटो काढा, वजन लिहा आणि कुणाचा, कुठल्या गावच्या सोनाराने केलेला, हे घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारून त्याच कागदावर टिपून ठेवा. मुशीत गेल्यावर ठसा पुन्हा काढता येत नाही.